वहीतले गाळलेले तीन दिवस

हडपसर, ५ ऑगस्ट २०२४

ती. वासंतीकाकूस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. दिगंबरकाकांची अंटार्क्टिकातली रोजनिशी वाचली. पुढच्या महिन्यात पुस्तक छापायला द्यायचंय, पण मला शंका येतेय. तिकडे शाई गोठते, सगळे पेन्सिलीनंच लिहायचे, हे काकांनीच आम्हाला शंभरदा ऐकवलंय. मग ही वही निळ्या शाईत कशी? अक्षरही तुझ्यासारखं वाटतं. आणि ९ ते ११ जुलै १९८९ कोरेच! त्याच दिवसांतल्या वादळात त्यांच्या तुकडीतला स्वयंपाकी रामदास गेला ना? काकू, खरं सांग. लोक काकांना देवमाणूस म्हणतात. खोटी वही छापली तर त्यांचंच नाव जाईल.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा अवधूत

कात्रज, ९ ऑगस्ट

चि. अवधूतस,
अ. उ. आ.

वा! पोलिसांत का नाही गेलास? पेन्सिल पुसट होत चालली होती, म्हणून हे गेल्यावर मीच वही उतरवून काढली. ते तीन दिवस मुद्दाम गाळले. रामदास वादळात बाहेर अडकला. यांनी तासभर शोधलं आणि घाबरून दार लावून घेतलं. घरी मात्र सांगितलं, की दोन दिवस शोधत होतो. पुढे भूकंप असो की पूर, हे धान्याची पोती घेऊन का धावायचे, ते मला वही वाचल्यावर कळलं. रामदासची आई, मथुराबाई, येरवड्यात आहे, नव्वदीची. तिला हे वाचून दाखवणार आहेस?

वेळेवर जेवत जा.

तुझी काकू

हडपसर, १४ ऑगस्ट

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

चुकलो, तुझ्यावर संशय घेतला. पण ते दिवस वगळून मी छापणार नाही. मथुराबाईंना आधी विचारू. तू जा, नाहीतर मी जातो.

अवधूत

कात्रज, २२ ऑगस्ट

चि. अवधूतस,
अ. उ. आ.

काल गेले होते. पेन्सिलीची पानं वाचून दाखवली. मथुराबाई सुपारी कातरत ऐकत होती. मग म्हणाली, की हे तर साहेबांनी परत आल्या आल्या इथंच बसून, रडत सांगितलं होतं. तिनं महिनाभर त्यांना दारात उभं केलं नाही, मग माफ केलं. वर मलाच विचारलं, की बाई, तुम्हाला नव्हतं सांगितलं?

जन्मभर यांचा संसार केला, आणि हे तिथं जाऊन रडले! मला रडू येतंय, राग त्याहून जास्त येतोय.

छाप सगळं. फक्त पुस्तक मला अर्पण करू नकोस. मथुराबाईला कर.

आशीर्वाद आहेतच.

काकू