दहा-एकला उत्तर कोण देतं

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. शिवलीला हिस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे. तुझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा.

आज दुपारी आपल्या दूध संस्थेचे सचिव यशराज घरी आले आणि तुझ्याविरुद्ध चार ओळींचा अभिप्राय मागून गेले. म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. एरवी लिहिलं नसतं.

उद्या अकराला संचालकांची बैठक आहे. तुझे सहा महिने भरतात. तुला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते तिथं ठरणार. दहा-अकरा दिवस दूध घ्यायच्या खिडक्यांवरचे संगणक मधूनच बंद पडतायत, चिठ्ठी निघत नाही, लोक ओरडतात. यशराज म्हणाले, "बाई, 'पोरीचा आवाका न्हाय' एवढंच लिहा. तुमची सही बघितली की संचालक मान डोलावत्यात. मग तुम्हीच या की परत, वरीसभर तरी." मी त्यांना चहा दिला आणि "उद्या सांगते" म्हटलं. नाही म्हटलं नाही. हे लक्षात ठेव.

आधी कामाचं.

तू पिंग करतेस, म्हणजे राउटरच्या नंबरला, दहा-एकला, हाक देऊन बघतेस. दहा-एक उत्तर देतं, म्हणजे राउटर ठीक आहे, असं धरून पुढे जातेस. तिथंच चुकतेस. उत्तर आलं एवढं पुरत नाही. कुणी दिलं ते बघायचं असतं. खिडकीवरच्या संगणकाला बाहेर काही पाठवायचं असलं की तो आधी सगळ्या जाळ्यात हाक मारतो, 'दहा-एक कोण?' जो 'मी' म्हणेल त्याचा कारखान्यातून आलेला मूळ नंबर तो टिपून घेतो आणि सगळं त्याच्या हवाली करतो. खरा-खोटा तपासत नाही. दोघे 'मी' म्हणाले तर ज्याचं नाव टिपलं गेलं तोच मालक. काही वेळाने टिपण पुसलं जातं, पुन्हा हाक, आणि या खेपेला दुसराच पुढे. त्या दुसऱ्याला बाहेरची लाईनच नसेल तर काम तिथंच अडणार. म्हणून सकाळी तीन नंबरची खिडकी बंद, संध्याकाळी पाच नंबरची, मधेच सगळं सुरळीत. केबल खराब असती तर रोज तीच एक खिडकी रडली असती.

हे पत्र हातात पडल्या पडल्या बंद असलेल्या खिडकीवर arp -a लिहून बघ. दहा-एकसमोर बारा अक्षरांचा लांबलचक नंबर येईल, तो कागदावर उतरव. मग चालू खिडकीवर तेच कर. दोन नंबर वेगळे निघतील. एक तुझ्या राउटरच्या पाठीवर छापलेला आहे. दुसरा रेकॉर्ड रूममध्ये, संस्थापकांच्या फोटोखालच्या फळीवर, झेंडूच्या माळेखाली सापडेल.

मला कसं माहीत, असं विचारशील. सांगते.

मी एप्रिलमध्ये निवृत्त झाले. चोवीस वर्षं झाली होती. मी बी.एस्सी. करत होते तेव्हा कॉलेजातला एकुलता संगणक कुलपात असायचा. त्रेचाळिसाव्या वर्षी वही-पेन घेऊन, जोडणीला आलेल्या पोरांच्या मागे फिरून मी हे जाळं शिकले. प्रत्येक यंत्राला माझ्या हाताने नंबर दिला, चिठ्ठीवर लिहून चिकटवला. गडमुडशिंगीचं अख्खं गाव मला 'बाई' म्हणायचं. मी आले की रांगेतला आवाज बंद व्हायचा. त्याला मी मान समजत होते.

तू आलीस आणि महिन्याभरात 'लीलाक्का' झालीस. मे महिन्यात मी एका कागदासाठी आले होते. रोज दूध घालणारी बसव्वा खिडकीशी उभी, हातात झाकलेला डबा. तुझ्यासाठी खरवस. चोवीस वर्षांत तिच्या म्हशी काय व्यायल्याच नाहीत? माझ्याकडे बघून म्हणते, "बाई, तुमाला गोड चालत न्हाय म्हणं." कुणी सांगितलं तिला? मला सगळं चालतं.

खंडेनवमीला तू मला मानाने बोलावलंस. मला खुर्ची दिलीस. हळदकुंकू तू लावत होतीस, नारळ तुझ्या हातात. मला बसवेना. मी उठले, तू नवा बसवल्यावर रेकॉर्ड रूमच्या कपाटात गेलेला माझा जुना राउटर काढला आणि फळीवर मांडला. सगळ्यात आधी दूध घेऊन येणारे ज्ञानू आबा तिथंच होते. म्हणाले, "व्हय बाई, ह्यो डबा अजून जित्ता हाय व्हय?" सगळे हसले. तूही हसलीस. मी त्याला वीज दिली, आणि नुसत्या विजेचा एकच दिवा लागला म्हणून भिंतीवरच्या जोडातली जाळ्याची केबलही खोचली. सगळे दिवे लुकलुकायला लागले. "बघा, जित्ता हाय का न्हाय," मी म्हटलं. माळ घातली आणि तसाच सोडून आले. पूजेतल्या वस्तूला आपल्याकडे कोण हात लावतो? माळ वाळली तरी कुणी लावत नाही.

इथवर चूक होती.

मग ज्ञानू आबांचा फोन आला. "लीलाक्काच्या राज्यात चिठ्ठी निघंना झालीया. तुमच्या टायमाला असलं न्हवतं बघा." ते वाक्य मी दोन दिवस जपून ठेवलं. सहा तारखेला पेन्शनच्या कागदाचं निमित्त काढून संस्थेत आले. रांग पार रस्त्यापर्यंत. कुणीतरी तुझ्यावर खेकसलं, "ए अक्का, दूध नासल्यावर चिठ्ठी देतीस व्हय?" मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं हे खरं.

मी तुला विचारलं, "नव्या राउटरला नंबर कुठला दिलास?"

तू म्हणालीस, "तुमचाच की बाई, दहा-एक. एकबी नंबर बदलला न्हाय मी. खिडक्यांवर तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या हायत. त्या कशाला खोट्या पाडू?"

सहा महिने मी शाहूपुरीभर सांगत होते, त्या पोरीने माझं सगळं पुसून टाकलं. तू काही पुसलं नव्हतंस. पुसलं असतंस, राउटरला दुसरा नंबर दिला असतास, तर माझा डबा त्या फळीवर वर्षभर लुकलुकला असता आणि कुणाचं काही अडलं नसतं. तू माझा मान ठेवलास, म्हणून अडकलीस.

फळीवरच्या डब्याचा नंबरही दहा-एकच होता. मला तिथल्या तिथं सगळं कळलं. रेकॉर्ड रूम दहा पावलांवर होती. मी म्हटलं, "केबल बघ. उंदरांनी खाल्ली असेल." आणि बस धरून घरी आले.

तू तीन दिवस शिडीवर चढून केबली ओढत होतीस. घसरून मनगट मुरगळलं, असं झाडलोट करणाऱ्या तानाबाईने सांगितलं. तरी मी गप्प राहिले. ही चूक नव्हे. हा मत्सर. तो मी केला, आणि पत्र लिहून तो गेला असं समजू नकोस. तू कायम होशील, लोक तुलाच हाका मारतील, हे मला आत्ताही सोसत नाही. पण माझ्या सहीने तू घरी जावीस, हे त्याहून सोसत नाही.

म्हणून उद्या साडेनऊला हे पत्र घेऊन मीच येते. डबा मी काढणार नाही. आधी दोन्ही नंबर कागदावर घे, मग यशराजना समोर उभं करून तू काढ. दोष कसा सापडला ते संचालकांना तू सांगायचंस. कुणामुळे झाला ते मी लिहून देते. मला बघून रडायचं नाही, आभार मानायचे नाहीत. पाया तर मुळीच पडू नकोस.

मनगटाला गरम पट्टा बांध.

तुला केबल बघायला सांगणारी,
संयोगिता इंगवले

सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ. तानाबाईसमक्ष दिलं ते असं:

सचिवांच्या हातात, अभिप्रायाऐवजी एक पान: "बिघाड मी जोडलेल्या जुन्या राउटरमुळे झाला. सहा तारखेला ते मला कळलं होतं आणि मी मुद्दाम चुकीची वाट दाखवली. शिवलीला हिचा दोष नाही." खाली सही. पोच घेतली.

त्याच पानाची प्रत, अध्यक्षांच्या नावे, बंद पाकिटात.

शिवलीला हिच्या हातात हे पत्र, आणि रेकॉर्ड रूमच्या कपाटाची दुसरी किल्ली. एप्रिलमध्ये कामाचा ताबा देताना ती हरवली असं मी लिहून दिलं होतं. हरवली नव्हती. ठेवली होती.