कोठीतले पतंग

चौबे कॉलोनी, रायपूर
१४ नोव्हेंबर २००६

चि. पराग यास अनेक आशीर्वाद.

हात कसा आहे? प्लास्टर भिजू देऊ नकोस. खाज आली तरी आत सुई घालू नकोस. भनपुरीचं गोदाम काही दिवस तुझ्यावाचून चालेल. इकडे थंडी पडू लागली आहे. स्नेहलची मान आता दोन्हीकडे वळते.

"बायकोची जागा नवऱ्याच्या घरी, तिला समजावून पाठव," हा तुझा निरोप मिळाला. समजावायला बसले, तर तिनंच मला समजावलं. इथे राहायला आल्यापासून संशोधनासाठी पाळलेले घाटेअळीचे पतंग ती माझ्या कोठीत, अंधारात का ठेवते, हे तू कधी विचारलं नाहीस. त्यांच्या डोळ्यांत उजेड टिपणारं द्रव्य बनवणारी जनुकं असतात. ती दिवसभर सारखी चालत नाहीत, संध्याकाळ जवळ आली की जोर धरतात. सतत अंधारात ठेवलं तरी. संध्याकाळ दिसावी लागत नाही, ती अंगातच असते.

मी एम.एस्सी. झाले तेव्हा हे कुणी शिकवलं नव्हतं. आता रोज बघते. दिवेलागणीला स्नेहल बोलता बोलता थांबते, बांगड्या काढून ठेवते आणि भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत राहते. तुझी मोटरसायकल येत नाही. तरीही.

त्या दिवशी मात्र आली. "काहून आली इथं? माझ्या घरी किडे, आईच्या घरीही किडे!" म्हणत तू कोठीचं दार लाथेनं उघडलंस, पिंजरे आपटलेस, पतंग बुटाखाली चिरडलेस. ती म्हणाली, "मले मार, त्यांना सोड." तू ऐकलंस. तिचा गळा धरलास. तिचे डोळे फिरले तेव्हा मी ओरडले, "पराग, सोड!"

"आई, तू बीच में मत पड."

डॉक्टरांना तू सांगितलंस, जिन्यावरून पडलो. लग्न झाल्यापासून तीही हेच सांगत आली. तुझ्या घराला जिना नाही, पराग. माझ्याही नाही.

खलबत्त्यातला लोखंडी बत्ता तुझ्या हातावर मी मारला. पहिल्याच घावात तुझी पकड सुटली होती. दुसरा मी जाणूनबुजून घातला. ठाण्यात दोन्ही सांगून आले, आणि तिच्या गळ्याचंही.

ती परत येणार नाही. नवे पिंजरे आणले आहेत. बत्ता धुऊन जागेवर ठेवला आहे. संध्याकाळी मी दारात खुर्ची टाकून बसते. तिला दाराकडे बघायचंच असेल तर आधी माझी पाठ दिसते.

वर आशीर्वाद सवयीनं लिहिला गेला. राहू दे.

तुझ्याविरुद्ध साक्ष देणारी,
तुझीच आई,
विनोदिनी