झुडपामागचा एमिल

मी, तेक्ला विर्तासालो, वय एकोणसत्तर, व्यवसाय शेती, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्या शुद्धीबद्दल शंका फक्त धाकट्या भावाला, वेर्नेरीला आहे, आणि ती लहानपणापासूनच आहे.

कलम १. घर, गोठा आणि तळ्याकाठची जमीन वेर्नेरीला. सौनाच्या न्हाणीघरातली मोडकी फळी दुरुस्त करायचं तो तीन वर्षं नुसतं म्हणतोय. आता स्वतःची म्हणून तरी करील.

कलम २. तांब्याची कॉफीची किटली शेजारच्या आइनोला. तिचा त्या किटलीवर डोळा आहेच.

कलम ३. बैठकीतलं चित्र. १९१२च्या उन्हाळ्यात चित्रकार लिंडस्ट्रोमसाहेब हेलसिंकीहून ‘खरा फिनिश माणूस’ शोधत आमच्याकडे आले. स्वतः घरी स्वीडिश बोलायचे. गवत कापायचं नवं यंत्र त्यांनी कोठारामागे लपवायला लावलं, माझ्या दोन्ही भावांचे बूट काढायला लावले, हातात जुने विळे दिले. थोरला एमिल म्हणाला, “साहेब, पायाला बोचतंय.” साहेब म्हणाले, “बोचू दे, चेहऱ्यावर दिसतंय ते.” जाताना चित्र आम्हालाच देऊन गेले.

१९१८च्या यादवीत एमिल लाल सैन्यात गेला, वेर्नेरी पांढऱ्या. पांढरे जिंकले, आणि एमिल कैद्यांच्या छावणीत उपासमारीने मेला. बाबांनी खिडक्यांचा उरलेला हिरवा रंग घेतला आणि चित्रातल्या एमिलवर झुडूप काढलं. तेव्हापासून वेर्नेरी एकटाच गवत कापतोय आणि फुकटची कीर्ती मिळवतोय.

गेल्या वर्षी शहरातल्या संग्रहालयाचे चित्रतज्ज्ञ डॉक्टर आले. झुडपासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, “आपल्या देशाचा सगळा एकांत इथे दाटलाय, बाई.” मी म्हटलं, “आणखी कॉफी घ्या.” कापणीच्या शेतात मधोमध एवढं झुडूप कोण ठेवतो, हे त्यांना विचारायचं मनात आलं होतं, पण पाहुणा माणूस.

ते चित्र मी एमिलची मुलगी सिल्वी हिला देते. बाप गेल्यावर जन्मली. एमिलचा फोटो कोणी कधी काढलाच नव्हता, त्यामुळे तिने त्याचा चेहरा कधीच पाहिलेला नाही. संग्रहालयाला चित्र वर्षभर मांडता येईल, पण आधी आपल्या जाणकारांकडून त्यांनी झुडूप हलक्या हाताने काढून घ्यावं. एकांत गेला म्हणून रडू नये.

कलम ४. कलम १ ला अट आहे. वेर्नेरी म्हणतो, “ताई, झाकलेलं झाकलेलंच राहू दे.” अरे, झाकलं बाबांनी, राखलं आपण दोघांनी. पुरे आता. सिल्वीला चित्रासमोर तूच घेऊन जायचंस. इतकी वर्षं तू तिला साधा नमस्कार केला नाहीस. बोलायला सुचलं नाही तर गप्प उभा राहा. फक्त एवढं सांग तिला, आधी हनुवटी बघ. तिचीच आहे.

हे मी स्वतः लिहिलं, वाचून पाहिलं, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

तेक्ला विर्तासालो
कोइवुलाह्ती, ९ ऑक्टोबर १९६६

साक्षीदार:
उर्हो पेल्टोमा, सुतार
लेम्पी सालोवारा, शाळाशिक्षिका