टॉर्पेडोवाला बोलोत

४ नोव्हेंबर, शारजा

तिसऱ्या मजल्यावरच्या बोलोतला आज पुन्हा छेडलं. म्हातारा किरगिझस्तानचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो मुलीकडे राहतो, मी मुलाकडे. पुण्याच्या कंपनीत रशियन मशिनं होती म्हणून ती भाषा शिकलो, आणि उपयोग झाला तो इथे, बागेतल्या बाकावर!

त्याच्या गावाला मोठं सरोवर. काठावर सोव्हिएत काळात टॉर्पेडोंचा कारखाना — उंच भिंत, पहारा, पाटी नसलेल्या बस. चाचणी असली की कोळ्यांनी होड्या काढायच्या नाहीत. आता काही उरलं नाही. "विटासुद्धा लोकांनी नेल्या. गावातले निम्मे गोठे त्याच विटांचे."

आणि तुम्ही आत काय करायचात? — तोंडाला कुलूप. "गुप्ततेच्या कागदावर सही केलीय."

म्हटलं, देश खलास, कारखाना खलास. सही कुणासाठी सांभाळताय?

"माझ्यासाठी."

६ नोव्हेंबर

आमची सौ. सुनेत्रा म्हणते, कशाला त्या बिचाऱ्याच्या मागे लागता? कंटाळा येतो म्हणून. दुसरं काय.

९ नोव्हेंबर

आता थट्टा राहिली नाही. त्याची मुलगी अनारा घरी आली. बोलोतच्या छातीच्या एक्स-रेत डाग आहे. डॉक्टर विचारतात, कारखान्यात कसली धूळ होती, कसला वायू? म्हातारा त्यांनाही सांगेना. "अंकल, तुमच्याशीच काय ते बोलतात. बघा ना."

११ नोव्हेंबर

मुद्दाम म्हणालो, तुमचे निम्मे टॉर्पेडो तळाशी जायचे म्हणे, वाचलं मी. (कुठेही वाचलेलं नाही.) लालबुंद झाला. "खोटं!" मग सांगा, नेम कसा धरायचात?

मग म्हणाला, "मला काय माहीत. मी कँटीनमध्ये होतो. बावीस वर्षं सूप ढवळलं."

मला हसू फुटलं. तो हसला नाही. गावात लोक त्याला वाकून नमस्कार करायचे. लग्नही त्यावरच जमलं. अनारा शाळेत सांगायची, माझे बाबा जहाजं बुडवतात. मीही मग हसलो नाही.

कँटीनमध्ये कोळशाच्या भट्ट्या, दिवसभर धूर, खिडकी एकच. "डॉक्टरला सांग. अनाराला नको."

१२ नोव्हेंबर

डॉक्टरांना फोन केला. "अच्छा, अच्छा, थँक्यू," म्हणाले. एवढं गुपित सांगितलं, माणूस जरासुद्धा चकित झाला नाही.

१८ नोव्हेंबर

डाग जुना, धुराचा. भिण्यासारखं काही नाही. अनाराने विचारलं, शेवटी काय करायचे बाबा? म्हटलं, टॉप सिक्रेट. पोर भलतीच हसली. बोलोत बाकावर चक्क शीळ घालत होता.

२० नोव्हेंबर

अनारा लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "आईने मी आठ वर्षांची असतानाच सांगितलं होतं. डॉक्टरांनाही कँटीनचं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. बाबांनी एकदा कुणापाशी तरी बोलून टाकावं, म्हणून तुमच्याकडे आले होते. त्यांना कळू देऊ नका हं, अंकल."