कमानीखालच्या पाचरी

३० जुलै, १२४१

काढायचं म्हणे! मेरीमातेच्या सणाला बिशप येणार. त्यांना वर कमान दिसायला हवी, तिच्याखालचं लाकूड नको — बांधकाम बघणाऱ्या धर्मगुरू ओदोंचा हुकूम.

आज शिडीने वर गेले. दोन दगडांच्या सांध्यात नख रोवलं. नख आत गेलं! चुना मी मळलेला, मला नाही कळणार? या उन्हाळ्यात ऊन आहे कुठे? चुना अजून ओला आहे. लाकूड काढलं की कमान खाली येईल.

आणि आमची रीत अशी, की माथ्याचा दगड ज्याने बसवला त्यानेच लाकूड काढताना खाली उभं राहायचं. तो दगड गोबेरने बसवलाय. माझ्या नवऱ्याने!

१ ऑगस्ट

त्याला सांगितलं. सगळ्या गवंड्यांदेखत म्हणाला, "अगं, तू आपला चुना बघ. कमानीचं आम्ही बघतो." वर धर्मगुरूंना म्हणतो, "हवं तर उद्या काढा! हा मी उभा राहतो!"

रेन्ये सुतार तेवढा म्हणाला, "वहिनी, याला बाजूला उभं करा. याच्या डोक्यावर आपटून दगड फुटायचे."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

तरी देवा, तुझे आभार. उर्मट आहे, पण संध्याकाळी घरी येतो. माझ्या जावेच्या घरी तेही नाही. दीर परांचीवरून पडला त्याला तीन वर्षं झाली.

९ ऑगस्ट

उद्याच काढणार. गोबेर जेवण टाकून "पाय मोकळे करून येतो" म्हणून गेला. परतला तो बाह्या भिजलेल्या. नदीवर बसला असेल. भीती वाटते म्हणायला काय जीभ झडते?

१० ऑगस्ट

पाचरी हलल्या नाहीत!

गोबेर खाली उभा, छाती काढून. माझे डोळे मिटलेले. लाकडाखालच्या पाचरी ठोकून सैल करायच्या, म्हणजे सांगाडा हळूहळू उतरतो. रेन्येच्या माणसांनी ठोक ठोक ठोकलं. पाचरी पाणी पिऊन फुगलेल्या, जाम बसलेल्या!

"तोडा!" धर्मगुरू ओरडले.

रेन्ये म्हणाला, "तोडतो की. पण मग सगळं एकदम खाली येईल, महाराज. तुम्ही येता का गोबेरच्या शेजारी उभे राहायला?"

महाराज दोन पावलं मागे सरकले.

"पाचरी भिजल्या कशा?" महाराजांनी विचारलं. रेन्ये हातातली हातोडी न्याहाळू लागला. हे त्याचंच काम, मला कळलं. महाराजांनाही कळलं. सणाच्या मेजवानीत सुतारांना जागा नाही, असं जाहीर झालं. त्याने मान खाली घातली, हत्यारं गोळा केली.

माझा नवरा वाचला! घरी येऊन ढसाढसा रडले. गोबेर म्हणतो, "कोणी मेलं का?"

११ ऑगस्ट

रेन्येला नदीतल्या वाम माशाचं कालवण नेऊन दिलं. "वहिनी, हे कशाबद्दल?" म्हणाला. म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे." बोटं चाटून खाल्लं.

१५ ऑगस्ट

बिशपांनी लाकूडच पाहिलं. कमान नंतरही दिसेल म्हणाले. एवढंच! यासाठी माझा माणूस जाणार होता!

रेन्येच्या नावाने मेणबत्ती लावली.

२ सप्टेंबर

ऊन! पुन्हा ऊन! कालवणाचं तिसरं भांडं रेन्येला. गोबेर कुरकुरतो, "त्याला वाम आणि मला नुसता वाटाणा?" म्हटलं, त्याचे उपकार तुम्हाला काय कळणार!

७ ऑक्टोबर

नख मोडलं! चुना दगड झालाय.

पाचरी सुकल्या, सैल झाल्या, सांगाडा उतरला. गोबेर खाली उभा होता. वरून चिमूटभर धूळ पडली त्याच्या केसांत, बस. कमान उभी! गवंडी ओरडले, मीही ओरडले. लाज कसली? रेन्येच्या तर पायाच पडले.

८ ऑक्टोबर

रेन्ये दारात आला. "वहिनी, आता आणखी कालवण खाल्लं तर नरकात जाईन. पाचरी भिजवायला पाण्याच्या बादल्या तुमच्या नवऱ्याने वाहिल्या. मी फक्त तोंड बंद ठेवलं. मला म्हणाला, 'हिचं नख चुकत नाही. पण तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.'"

गोबेर घरी आला. त्याच्या ताटात वामेचा मोठा तुकडा वाढला.

"आज काय, सण आहे?" म्हणाला.