दगडावरचं सार्का

टिसाकाठ, १२ ऑक्टोबर १९३६

वेंदेल,

धाकट्या भावाला चिरंजीव लिहायची रीत आहे, पण आज हात वळत नाही. मी बरी आहे. द्राक्षं उतरवून झाली, मिरच्यांच्या माळा ओसरीला लागल्या. तुझी खुशाली विचारत नाही, ती पाथरवट पाल काकांकडून कळली.

ते काल आईबाबांच्या थडग्याचं माप घेऊन गेले. तुझा निरोप असा, जुना दगड काढायचा, नव्यावर 'सार्का'च्या जागी 'शोयोम' कोरायचं, आणि तेही मृतांच्या दिवसाआधी, कारण तुझे होणारे व्याही मेणबत्त्या लावायला येणार आहेत.

सरकारने नाव बदलून दिलं, तू शोयोम, म्हणजे ससाणा झालास, खुशाल हो. अर्जात लिहिलंस म्हणे, सार्का हा चकचकीत वस्तू पळवणारा पक्षी, हे नाव अब्रूदाराला शोभत नाही. आपले पूर्वज राजाचे ससाणे पाळायचे. कुठले ससाणे? आपल्याकडे कोंबड्याही धड टिकल्या नाहीत. बाबा काय सांगायचे ते विसरलास? पाद्रीबुवांनी वहीत लिहायला खापरपणजोबांना नाव विचारलं. ते अर्धा तास बोलले, नाव तेवढं सांगितलं नाही. बुवांनी वैतागून लिहिलं, सार्का. दिवसभर कलकल करणारा. चोर नव्हे.

आईचा विचार केलास? दगडावर तिचं स्वतःचं नाव नाहीच. नुसतं 'सार्का आम्ब्रुशने', म्हणजे आम्ब्रुश सार्काची बायको. उद्या ती शोयोम आम्ब्रुशची बायको होणार. अशा नावाचा माणूस कधी जन्मलाच नाही.

सार्काचा अर्थ चोर कधीपासून झाला, तेही लिहिते. मास्तरांचं चांदीचं घड्याळ हरवलं तेव्हापासून. तू एकोणीस वर्षांचा होतास. तुझ्या बुटात ते मी पाहिलं होतं. बाबांनीही पाहिलं. त्यांनी जाऊन सांगितलं, मी घेतलं, आणि त्यांची शाळेतली शिपायाची नोकरी गेली. मग आम्ही दिसलो की बायका चमचे आत नेऊ लागल्या. तू शहर गाठलंस. मी इथेच राहिले, आणि सार्काच्या मुलीला मागणी घालायला कोणी आलं नाही.

त्या दिवशी बाबा मला एवढंच म्हणाले होते, "रोझी, चोच मिटून ठेव, पोरी." तेवीस वर्षं ठेवली. त्याची मला लाज वाटते, आणि तुझा संताप येतो.

पाल काकांना कळव, छिन्नी ठेवून द्या. नाही कळवलंस, तर सगळं गाव थडग्यांपाशी जमलेलं असताना, तुझ्या व्याह्यांसमोर, मी घड्याळापासून सुरुवात करीन. आपल्या घराण्यातलं माणूस एकदा बोलायला लागलं की अर्धा तास थांबत नाही.

तुझी कोणी नव्हे, आम्ब्रुशची मुलगी,
सार्का रोझालिया