मर्यादेत राहिलेल्या आवाजाबद्दल

प्रति,
मा. ध्वनी नियंत्रण अधिकारी,
ध्वनी तपासणी कक्ष, दुसरा मजला.

विषय : उपासनेतील 'तो' आवाज माझ्याच यंत्राचा होता, असा शिक्क्यानिशी दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, "आवाज मर्यादेत आढळला, कार्यवाही नाही."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आरोपीनेच आरोप सिद्ध करून मागावा असा हा अर्ज आहे. असे अर्ज आपल्याकडे फारसे येत नसावेत, तरी तो शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

१. मी आमच्या प्रार्थनागृहात रविवारच्या उपासनेला इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. ती मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसरला जोडलेली असते. सदर यंत्र जमिनीवर ठेवतात व पायाने चालवतात. त्याचे एक बटण दाबले की आवाज बंद होतो आणि गुपचूप तारा जुळवता येतात. शेजारचे बटण दाबले की शेवटचा सूर धरून ठेवला जातो आणि हात काढला तरी तो पसरत, वर चढत वाजत राहतो. शेजारच्या टायपिंग क्लासच्या चालकांच्या तक्रारीवरून आपण मीटर घेऊन मागच्या दाराशी उभे होतात, त्या रविवारी मूक प्रार्थना सुरू होताच मी तार जुळवायला गेलो. बूट नवे, तळवा रुंद. पाय शेजारच्या बटणावर पडला.

२. चूक ध्यानात आली तोवर सर्वांचे डोळे मिटले होते. पुन्हा बटण दाबले तर 'टक्' असे वाजून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतील, या भीतीने मीही हात जोडून डोळे मिटले. स्पीकर चारही कोपऱ्यांत उंचावर आहेत, त्यामुळे सूर छतातून उतरल्यासारखा वाटला. लोक रडले. गिटारवाला तर हात जोडून बसला होता, अशी साक्ष आजही कोणीही देईल, आणि ती खरी आहे हीच माझी पंचाईत आहे.

३. पहिल्या बाकावर माझी काकू होती. आई गेल्यावर मला तिनेच वाढवले. काका हयात असताना गायनवृंदात होते. मूक प्रार्थनेतही त्यांना गप्प बसवत नसे, गुणगुणत आणि बोलणी खात. काकूच्या हृदयाची झडप निकामी होत चालली आहे व शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. त्या दिवशी ती, करू का नको, हेच देवाला विचारत होती. बाहेर पडताना तिने माझा दंड धरला नि म्हणाली, "तुझे काका आले होते रे. ह्यांना गप्प बसणं कधी जमलंय? घाबरू नकोस म्हणाले, मी आहे." मी तेव्हाच बोलायला हवे होते. बोललो नाही.

४. आता जे लिहितो ते कोणालाही सांगितलेले नाही. पुढच्या रविवारी लोक लवकर येऊन बसले. तक्रारदार टायपिंग क्लासचालक दुसऱ्या बाकावर होते. मूक प्रार्थना सुरू झाली आणि सगळे वाट पाहू लागले. काकूने छताकडे पाहिले. मी बटण दाबले. बूट या वेळी जुने, सवयीचे होते. मुद्दाम दाबले. तिचा चेहरा उजळला आणि मला, खरे सांगतो, बरे वाटले. सोमवारी सकाळी, "हे सांभाळताहेत, मग चिरफाड कशाला," म्हणत तिने रुग्णालयात फोन करून तारीख रद्द केली.

५. त्यानंतर माझ्या तोंडचे पाणी पळाले. पहिल्या रविवारची चूक मी तिला यंत्र दाखवून समजावली. ती हसली. "काहीही झालं की आपल्या अंगावर घ्यायचं, अगदी काकांवर गेलास. मशिनचा आवाज असेल तर लेखी आण, गोल शिक्क्यासकट." काकूची सारी नोकरी आवक-जावक विभागात गेली आहे. शिक्का नसलेल्या कागदाला ती पुडी बांधायचा कागद म्हणते.

६. म्हणून मी आपल्याकडे धावलो. आपण कळवलेत की मर्यादेतील आवाजाचे कारण शोधणे या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे आवाज जरा मोठा असता तर मी सुटलो असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे. इथे चोर स्वतः आपल्या जिन्यात उभा आहे आणि त्याला कोणी धरत नाही. डॉक्टर म्हणतात, झडप फार थांबणार नाही.

तरी सदर यंत्राचा पंचनामा करावा, जमल्यास ते जप्त करावे, मला दंड करावा, आणि काहीच बसत नसेल तर निदान आपण त्या दिवशी कानाने काय ऐकलेत ते लिहून खाली गोल शिक्का मारावा.

शिक्षेस पात्र असून ती न मिळाल्याने कष्टी,
आपला नम्र
(सही)
गिटारवादक
दिनांक : १४, मंगळवार

सोबत : १) यंत्र, पिशवीसह. २) त्या रविवारचे बूट.

ता.क. अर्जाचा नमुना बरोबर आहे का, हे पाहायला मी तो काकूपुढे ठेवला. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, हे मान्य करतो. तिने समास दुरुस्त केला, विषय एका ओळीत बसवला आणि चौथ्या परिच्छेदाशी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "शिक्का राहू दे. तुझी सही ओळखते मी." थोड्या वेळाने म्हणाली, "ते नव्हते तर नव्हते. तू होतास ना?" तिने शस्त्रक्रियेची तारीख पुन्हा ठरवून घेतली आहे. अट एकच घातली आहे, की आत नेताना तोच सूर वाजला पाहिजे.

सबब वरील सर्व मागण्या मी मागे घेतो. रुग्णालयाचा परिसर शांतता क्षेत्रात येत असल्याने, शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत, लहान स्पीकरवर, एक सूर वाजवण्याची परवानगी मिळावी. आवाज मर्यादेत राहील. यंत्र व बूट परत मिळावेत. या वेळी बटण मी सर्वांसमक्ष, डोळे उघडे ठेवून दाबीन.